बोले ठराव आणि महाडचे तळे: कायदेमंडळापासून पाणवठ्यापर्यंत

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्ही शाळेत वाचला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले, ही घटना शालेय अभ्यासक्रमात येते. त्या धड्यात बहुधा सुरुवातीलाच एक वाक्य येऊन जाते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला होता आणि तो बोले यांनी मांडला होता, अशा अर्थाचे ते वाक्य असते. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. परीक्षेत आले तर एका गुणाला येते.

प्रस्तुत टिपण त्या एका वाक्याविषयी आहे. ठराव मांडणारा माणूस कोण होता? ठरावात नेमके काय म्हटले होते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, ठराव १९२३ मध्ये संमत झाला असेल तर १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला? या साडेतीन वर्षांत काय घडले आणि काय घडले नाही, हे समजून घेतले तर ब्रिटिश काळातील कायदेमंडळे, नगरपालिका आणि समाज यांचे परस्परसंबंध तुम्हाला कितीतरी स्पष्ट दिसतील. (या काळातील कागदपत्रांत 'अस्पृश्य' हाच शब्द आहे. तो मी येथे ऐतिहासिक संज्ञा म्हणून वापरतो आहे.)

बोले कोण होते?

सीताराम केशव बोले हे मुंबईचे. त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि पुढच्या चरित्रग्रंथांत ते 'रावबहादूर सी. के. बोले' किंवा 'एस. के. बोले' या नावांनी भेटतात. ते भंडारी समाजातले होते. माडाची ताडी काढणे हा या समाजाचा एक जुना व्यवसाय, आणि दादर, माहीम, प्रभादेवी हा किनारपट्टीचा भाग त्यांच्या वस्तीचा. दादरला आजही एका रस्त्याला बोले यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे बोले कोण ते ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

बोले यांचे सार्वजनिक जीवन कायदेमंडळात सुरू झाले नाही. ते गिरणगावात सुरू झाले. १९०९ मध्ये मुंबईत 'कामगार हितवर्धक सभा' स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत आणि प्रमुख चालकांत बोले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याआधी गिरणी कामगारांना संघटित करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला होता आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्याच चळवळीमुळे. लोखंडे १८९७ मध्ये वारले आणि ती परंपरा खंडित झाल्यासारखी झाली. कामगार हितवर्धक सभेने ती पुढे चालवली, पण वेगळ्या रीतीने.

ही रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण बोले यांच्या सगळ्या कामात ती दिसते. आज ज्याला आपण कामगार संघटना म्हणतो, तशी ही सभा नव्हती. ती संप पुकारण्यासाठी निघालेली नव्हती. कामाचे तास कमी व्हावेत, अपघात झाल्यास भरपाई मिळावी, कामगारांच्या मुलांना शिकता यावे, यासाठी ती सरकारकडे अर्ज करी. मालक आणि कामगार यांच्यातले तंटे मध्ये पडून मिटवी. 'कामगार समाचार' नावाचे पत्र चालवी. चाळीतल्या माणसाला औषधपाणी, दारूपासून सुटका, लिहिण्यावाचण्याची सोय अशा रोजच्या गोष्टींत तिचे लक्ष होते. कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी तिला समाजकल्याणाची संस्था म्हणून बाजूला ठेवले आहे. त्यात तथ्य आहे. तरीसुद्धा 'केवळ अर्ज करणारी' म्हणून तिला मोडीत काढणे मला बरोबर वाटत नाही. ज्या काळात प्रौढ गिरणी कामगाराचा दिवस कायद्याने बारा तासांचा करायलाही १९११ साल उजाडावे लागले, त्या काळात अर्ज कुणाकडे, कोणत्या खात्याकडे, कोणत्या शब्दांत करायचा हे कळणे ही कामगारांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. बोले ती विद्या येथे शिकले.

गिरणीत त्यांना आणखी एक गोष्ट रोज दिसत असणार. अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात घेत. विणकाम खात्यात मात्र त्यांना प्रवेश नसे. कारण धोट्यातली बॉबिन संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर हातात घेत नसत. विणकाम खात्यात पगार अधिक होता. म्हणजे शिवाशिवीचा हिशेब थेट पगारपत्रकात उतरलेला होता.

अस्पृश्यांच्या प्रश्नाशी बोले यांचा संबंध १९२३ च्या पुष्कळ आधीचा आहे. भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. महार समाजातल्या मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती, म्हणून त्याचा सत्कार करण्यात आला. त्या सभेचे अध्यक्ष होते बोले. याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे तुम्हाला माहीत आहे. सभेच्या अध्यक्षांचे नाव मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

१९२३ चे कायदेमंडळ

आता पंधरा-सोळा वर्षे पुढे येऊ. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, महसूल, अर्थ यांसारखी खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी 'सोपीव' खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली. नगरपालिका आणि लोकल बोर्डे आता भारतीय मंत्र्याच्या अखत्यारीत आली, हा मुद्दा ध्यानात ठेवा.

मतदार होते मूठभर. मालमत्ता किंवा कर यांच्या अटीमुळे लोकसंख्येतल्या फार थोड्यांना मताचा अधिकार होता. अस्पृश्यांच्या वतीने बोलायला सरकारने नेमलेला एखाददुसराच सभासद असे. शिवाय असहकाराच्या धोरणामुळे काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे पहिल्या कायदेमंडळात राष्ट्रीय चळवळीतले बडे लोक नव्हते. त्यांच्या जागी मवाळ होते, व्यापारी होते आणि ब्राह्मणेतर पक्षाचे लोक होते. बोले याच ब्राह्मणेतर राजकारणातले. सामाजिक सुधारणेच्या इतिहासातला एक महत्त्वाचा ठराव काँग्रेसने वर्ज्य मानलेल्या, सरकारधार्जिण्या समजल्या जाणाऱ्या कायदेमंडळाने केला, ही गोष्ट आपल्याला जरा अडचणीत टाकते. तसे होऊ द्यावे. 'राष्ट्रीय' आणि 'पुरोगामी' हे दोन शब्द या काळात नेहमी एकत्र चालत नाहीत.

ठराव कसा होता?

४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. त्याचा आशय असा होता: जे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आहेत किंवा चालवल्या जातात, अथवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांकडे आहे, त्या सर्व वापरण्याची मुभा अस्पृश्य वर्गांना असावी, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांतही त्यांना प्रवेश असावा, अशी हे कायदेमंडळ शिफारस करीत आहे.

हा आशय दोनदा वाचा. यात धर्माचे नावही नाही. अस्पृश्यता पाप आहे की शास्त्रसंमत आहे, या वादात ठराव शिरत नाही. देवळांचा उल्लेख नाही. खाजगी विहिरींचा नाही. सारा युक्तिवाद एका साध्या गोष्टीवर उभा आहे: पैसा कुणाचा? विहीर जर सर्वांच्या करातून खोदली असेल आणि तिची दुरुस्ती नगरपालिकेच्या तिजोरीतून होत असेल, तर ती कुणा एका जातीची राहत नाही. महारवाड्यातला माणूसही मीठ विकत घेत होता आणि मिठावर कर होता.

ही मांडणी सुचायला कामगार सभेतली अर्ज करण्याची सवय कामी आली असावी, असे मला वाटते. ज्याला आपले म्हणणे एखाद्या खात्याच्या गळी उतरवायचे असते तो शास्त्रार्थ करीत बसत नाही. तो त्या खात्याच्याच नियमांतून आपला मुद्दा काढतो.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच हुकूम काढून सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांतील शिवाशिव बंद केली होती. तुम्हाला वाटेल, मग बोले यांनी नवे काय केले? शाहूंचा हुकूम हा राजाचा हुकूम होता. तो अंमलदारांनी पाळायचा होता, न पाळल्यास नोकरीवर गदा येई. ब्रिटिश मुलखात असा राजा नव्हता. येथे निवडून आलेल्या सभागृहाने बहुमताने हे मान्य करणे आवश्यक होते आणि त्यानंतर दुसऱ्या निवडून आलेल्या सभागृहांनी, म्हणजे गावोगावच्या नगरपालिकांनी, ते अमलात आणणे आवश्यक होते. गाडी अडली ती येथे.

'आज्ञा' आणि 'सल्ला'

कायदेमंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. विधेयक संमत होऊन कायदा झाला की तो सर्वांना बंधनकारक होतो, त्याचा भंग केल्यास न्यायालयात जाता येते. ठराव ही सरकारला केलेली शिफारस असते. सरकार ती स्वीकारील, अर्धी स्वीकारील किंवा बाजूला ठेवील. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा फरक पाठ असतो. त्याचा प्रत्यक्षातला अर्थ मात्र पुढच्या महिन्यात निघालेल्या सरकारी पत्रकात दिसतो.

११ सप्टेंबर १९२३ च्या या पत्रकाचे दोन भाग होते. जी ठिकाणे सरकारच्या मालकीची होती आणि सरकारी खर्चाने चालत होती, त्यांच्या बाबतीत सर्व खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्याची आज्ञा देण्यात आली. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या ताब्यातल्या ठिकाणांबाबत मात्र जिल्हाधिकाऱ्यांना सांगण्यात आले की, या ठरावाचा स्वीकार करणे इष्ट आहे काय याचा विचार करण्याचा सल्ला त्यांनी आपापल्या हद्दीतील संस्थांना द्यावा.

पहिल्या भागात आज्ञा आहे. दुसऱ्या भागात सल्ला आहे, आणि तोही विचार करण्याचा. आता गावातले पाणी कुणाच्या ताब्यात होते? तळी, विहिरी, हौद हे बहुतेक नगरपालिकांकडे किंवा लोकल बोर्डांकडे होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ठराव मुख्यतः झाला होता, नेमकी तीच सल्ल्याच्या बाजूला पडली.

सरकारने असे का केले असावे? सामाजिक चालीरीतींत हात न घालण्याचे १८५७ नंतरचे धोरण हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. स्थानिक संस्थांना स्वायत्तता द्यावी ही मागणी राष्ट्रीय नेते चाळीस वर्षे करीत होते, आणि नव्या सुधारणांचा तोच तर मोठा गाजावाजा होता. सरकारने नगरपालिकेवर हुकूम बजावला असता तर स्वायत्ततेवर घाला आला असे म्हणता आले असते. हुकूम न बजावल्याने निर्णय गेला तो गावातल्या करदात्या मतदारांच्या प्रतिनिधींकडे. हे मतदार बहुतांशी तेच होते, ज्यांनी तळ्यावर अस्पृश्यांना पिढ्यान्‌पिढ्या येऊ दिले नव्हते. स्थानिक स्वराज्य हे स्वातंत्र्याचे पाळणाघर आहे, असे आपण वाचतो. ज्याला त्या स्वराज्यात मत नाही, त्याच्या बाजूने हीच संस्था पाहून घ्या.

महाड

कुलाबा जिल्ह्यातील (आजचा रायगड) महाड हे कोकणातले जुने बाजाराचे गाव. तेथील नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी पुढारलेल्या विचारांची माणसे होती. जानेवारी १९२४ मध्ये नगरपालिकेने ठराव केला की, चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास आपली हरकत नाही. अनेक संस्थांनी सरकारी पत्रक फायलीला लावून ठेवले असताना महाडने हे केले, हे नोंदवायला हवे.

आणि तरी काहीच बदलले नाही. तळ्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, गुरेढोरे येत. महार, चांभार येत नसत, कारण आल्यास काय होईल हे त्यांना पुरते ठाऊक होते. नगरपालिकेची हरकत नव्हती. हरकत तळ्याभोवती राहणाऱ्यांची होती आणि त्यांच्यापासून संरक्षण देण्याविषयी नगरपालिकेच्या ठरावात काही नव्हते.

महाडजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण कार्यकर्ते या काळात खटपट करीत होते. महाडला अस्पृश्यांची परिषद भरवावी आणि तिला आंबेडकरांना आणावे असा त्यांचा ध्यास होता. परिषद अखेर १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरली. कायदेमंडळाने ठराव केलेला, नगरपालिकेने तो स्वीकारलेला, आणि तरी परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे म्हणून चालकांना चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. बोले ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल द्यायचा झाला तर हा एक आकडा पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी परिषदेतील लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवली गेली. मंडपात जेवत असलेल्या, घरी परतत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ले झाले. त्यानंतर तळ्याचे शेण-गोमूत्राने 'शुद्धीकरण' करण्यात आले.

आंबेडकरांनी उचललेल्या पावलाचे बळ कशात होते हे येथे नीट पाहा. महाडला कुणी कायदा मोडला नाही. मिठाच्या सत्याग्रहात कायदा मोडला जातो. महाडच्या पहिल्या परिषदेत, कायदेमंडळ आणि नगरपालिका या दोघांनी जे मान्य केले आहे ते आम्ही करीत आहोत, एवढेच लोक म्हणत होते. कायदा मोडणारे दुसऱ्या बाजूला होते. बोले ठरावाने तळ्यावर पाणी मिळवून दिले नाही, पण तळ्यावर जाणाऱ्यांच्या पायाखाली जमीन दिली.

ती जमीन काढून घेण्याचाही प्रयत्न झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहिलीत? मुंबईत बोले ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. हा योगायोग असेल. पण ज्या संस्थेला स्वीकारण्याचे स्वातंत्र्य दिले तिला नाकारण्याचेही स्वातंत्र्य राहते, हे सल्लावजा पत्रकाचे मर्म त्या दिवशी उघडे पडले.

१९२६ मधील दोन प्रयत्न

थोडे मागे जाऊ, कारण ठराव कागदावर राहतो आहे हे बोले यांच्या ध्यानात महाडच्या आधीच आले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ च्या ठरावाप्रमाणे वागण्यास नकार देतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी ती शिफारस होती. पहिल्या ठरावात पैशाचा युक्तिवाद होता, येथे पैशाचा चाप आहे. आज केंद्र आणि राज्य सरकारे स्थानिक संस्थांच्या अनुदानाला नाना अटी घालतात, त्या कल्पनेशी तुम्ही परिचित आहात. मात्र हाही ठरावच होता. सरकारने तो चाप ओढला नाही, हे महाडच्या पुढच्या वर्षाच्या घडामोडींवरून दिसतेच.

दुसरे उदाहरण वेगळ्या क्षेत्रातले आहे, आणि तुलनेसाठी फार उपयोगाचे. गावचा वतनदार जोशी हा त्या गावातल्या लग्नमुंजी, श्राद्धे यांचा परंपरागत हक्कदार समजला जाई. एखाद्या कुटुंबाने त्याला न बोलावता दुसऱ्याकडून किंवा आपल्याच जातीतल्या माणसाकडून विधी करून घेतला, तर हा जोशी आपली दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावू शके, आणि काही खटल्यांत न्यायालयांनी तो हक्क मान्य केला होता. सत्यशोधक पद्धतीने लग्ने लावणाऱ्यांना हा मोठा जाच होता. १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाने अशा दक्षिणेवरचा हक्क बाद ठरवणारा कायदा केला. 'जोशी बिल' म्हणून ते गाजले आणि त्यामागे पुढाकार बोले यांचा होता.

हा कायदा यशस्वी का झाला आणि पाणवठ्याचा ठराव का अडला? एक कारण तर उघडच आहे: तो कायदा होता. पण एवढ्यावर थांबू नका. जोशी बिलाची अंमलबजावणी करायला कुणी काही करावे लागत नव्हते. न्यायालयाने दावा फेटाळला की झाले. पाणवठा खुला करायचा तर कुणीतरी तेथे उभे राहून अडवणाऱ्यांना अडवायला हवे होते. शिवाय जोशी बिलाचा फायदा ब्राह्मणेतर जातींतल्या शेतकऱ्यांना होणार होता. त्यांना मत होते आणि गावात वजन होते. पाण्यासाठी ताटकळणाऱ्यांना यांतले काहीच नव्हते, आणि तळ्यावर त्यांना अडवणाऱ्यांत केवळ ब्राह्मण नव्हते. ब्राह्मणेतर राजकारणाची एक मर्यादा या दोन उदाहरणांमध्ये दिसते. बोले स्वतः ती मर्यादा ओलांडू पाहत होते. त्यांच्या पाठीशी असलेला मतदार किती ओलांडत होता, हा प्रश्न उरतो.

न्यायालयात काय टिकले?

महाडचा लढा डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात गेला. सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाणे स्थगित झाले. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे खटला दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयाने १९३१ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, ठाण्याच्या अपिलातही तो कायम राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

येथे विद्यार्थ्यांची हमखास एक चूक होते. बोले ठरावामुळे खटला जिंकला, असे उत्तरपत्रिकेत लिहिलेले असते. तसे झाले नाही. निकाल फिरला तो दोन मुद्द्यांवर. तळे नगरपालिकेचे आहे हा एक, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही हा दुसरा. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते, त्यामुळे न्यायालयात त्याचे वजनही बेताचेच होते. पण पहिला मुद्दा परत पाहा. तळे सार्वजनिक संस्थेच्या मालकीचे आहे, म्हणून ते सर्वांचे, ही १९२३ च्या ठरावाचीच विचारसरणी होती. ठराव कामी आला नाही, त्यातला युक्तिवाद आला.

बोले यांच्याविषयी लिहिताना त्यांना आंबेडकरांच्या शेजारी उभे करून मोजण्याचा मोह होतो. तो टाळावा असे मी सुचवीन. रावबहादूर ही सरकारी पदवी मिरवणारा, अर्जविनंत्यांवर विश्वास असलेला हा माणूस होता. तळ्यावर चालत जाण्याचे काम त्यांचे नव्हते, ते ज्यांची तहान होती त्यांनीच केले. उलट बाजूने पाहिले तर, १९२३ मध्ये कुणीतरी कायदेमंडळात उभे राहून हा प्रश्न मतास टाकला नसता, तर महाडच्या नगरपालिकेला १९२४ मध्ये 'हरकत नाही' असे लिहावे लागले नसते आणि १९२७ मध्ये ते खोडावेही लागले नसते. या लिहिण्याखोडण्याने प्रत्येक संस्थेची बाजू नोंदली गेली.

स्वाध्याय

भारतीय संविधानातील अनुच्छेद १५ चे दुसरे कलम काढा आणि वर दिलेल्या ठरावाच्या आशयाशी शब्दशः ताडून पाहा. विहिरी, तळी, सार्वजनिक पैशातून चालवलेली ठिकाणे हे घटक दोन्हींकडे आढळतील. दुकाने, उपाहारगृहे, स्नानघाट आणि रस्ते संविधानात नव्याने आले आहेत. यांतील दुकाने आणि उपाहारगृहे खाजगी मालकीची असतात, म्हणजे 'पैसा कुणाचा' या बोले यांच्या कसोटीत ती बसत नाहीत. मग संविधानाने कोणती कसोटी लावली आहे, ते दोन परिच्छेदांत लिहा.

ज्यांना शक्य असेल त्यांनी दुसरेही एक काम करावे. तुमचे गाव पूर्वीच्या मुंबई इलाख्यात असेल, म्हणजे आजच्या महाराष्ट्र, गुजरात किंवा उत्तर कर्नाटकात, तर तेथील नगरपालिकेच्या १९२३ ते १९२७ या वर्षांच्या सभांची इतिवृत्ते जपून ठेवली आहेत का, याची चौकशी करा. सप्टेंबर १९२३ चे पत्रक तुमच्या गावातही पोहोचले असणार. ते सभेपुढे आले का, आले तर कुणी काय म्हटले आणि मतदान कसे झाले, हे पाहा.